चिंचोके आणि स्पेसबार

डिसेंबरातला दुसरा मंगळवार, सकाळी पावणेअकरा. शेवगाव केंद्र, कान तपासायची खोली. हजर: मी, रूथ सिस्टर, ईश्वरी, वय आठ, इयत्ता तिसरी, तिची आई सविता. गैरहजर: ईश्वरीचे वडील. ते खाली मोटारसायकलवर बसून होते. वर यायची त्यांना गरज वाटत नव्हती, कारण महिन्यापूर्वी मीच लिहून दिलं होतं की मुलीचे दोन्ही कान चांगले आहेत.

तोच कागद सविताने पिशवीतून काढला, त्याच्या चार घड्या उलगडल्या आणि माझ्यासमोर ठेवला.

“मॅडम, तुमच्या मशिनीला समदं ऐकू येतंय. माझ्या पोरीला न्हाई.”

मी म्हणाले, “चाचणी नीट झाली आहे, बाई. सगळ्या आवाजांना तिनं उत्तर दिलं.”

“मग घरी का देत न्हाई? पाठीमागनं हाका मारून घसा बसतो माझा. हिचा बाप म्हनतो, नाटक करती. शाळंत मागच्या बाकावर बसवली. आधी निदान दवाखान्यात दाखवू म्हनत हुते. आता तुमचा कागदच हाय त्यांच्या हातात. परवा ह्यांनी हात उचलला तिच्यावर.”

सोनईजवळच्या वस्तीवरून दोनदा हट्टाने आलेली ही बाई. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. एकवीस वर्षं मी कान तपासते. कानाचे डॉक्टर वेगळे. ते औषध देतात, ऑपरेशन करतात. किती ऐकू येतं हे मोजून सांगणं हे आमचं, म्हणजे ऑडिओलॉजिस्टचं काम. माझ्या कागदावर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं.

चाचणी सोपी असते. मुलाच्या कानाला हेडफोन लावायचा. संगणकातून एकेक आवाज सोडायचा, त्याला आम्ही टोन म्हणतो. स्पेसबार दाबला की टोन जातो, बाणाच्या बटणांनी तो लहानमोठा करता येतो. लहान मुलांना हात वर करायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही त्यांच्या मुठीत चिंचोके देतो. आवाज आला की एक चिंचोका वाटीत टाकायचा. अगदी बारीक आवाजालाही चिंचोका पडला, तर कान चांगला.

“पुन्हा करू,” मी म्हणाले. बाईचं समाधान व्हावं, एवढाच हेतू होता.

ईश्वरी टेबलापलीकडे बसली. उजव्या मुठीत चिंचोके, डावा तळवा टेबलावर सपाट. मी टोन सोडला, चिंचोका पडला. बारीक केला, पडला. आणखी बारीक केला, तरी पडला. सविता दाराशी उभी राहून बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

मला पुढचा टोन द्यायचा होता, तेवढ्यात माझ्या हाताला लागून हेडफोनची पिन निसटली. माझ्या लक्षात आलं ते स्पेसबार दाबून झाल्यावर. हेडफोनमध्ये काहीच गेलं नव्हतं.

वाटीत चिंचोका पडला.

मी पिन तशीच ठेवली आणि पुन्हा दाबला. पुन्हा पडला. पाच वेळा दाबला, पाच पडले. मग मी ईश्वरीचा डावा हात अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवला, आणि माझ्या बोटांपुढे फाईल उभी धरली. स्पेसबार दाबला. ईश्वरी माझ्याकडे बघत राहिली. चिंचोका मुठीतच.

रूथ सिस्टरने माझ्याकडे बघितलं.

दोष कशाचा होता ते सांगते. आमचं जुनं मशीन मे महिन्यात बंद पडलं. त्याचं बटण मऊ होतं, आवाज करत नसे. त्याच्या जागी संगणक आला, आणि एका विश्वस्तांनी त्यांच्या पुतण्याचा कीबोर्ड केंद्राला भेट दिला. खेळासाठीचा, उंच बटणांचा, दणदणीत. दाबलं की रंगीत दिवे लागायचे. दिवे मी पहिल्याच दिवशी बंद केले आणि काम झालं असं समजले. पण टेबल पत्र्याचं. स्पेसबारचा दणका पत्र्यातून थेट पोरीच्या तळव्यात जात होता. शिवाय उंच बटणासाठी माझं बोट वर जायचं, खांदा हलायचा. कीबोर्डची वायर आखूड, म्हणून मी तिच्या समोरच बसलेली. ज्या मुलीला ऐकू कमी येतं ती डोळ्यांनी आणि हातांनी ऐकते, हे मी दरवर्षी केंद्रात काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना शिकवते.

सविताला मी सरळ सांगितलं, “तुमचं बरोबर आहे. चूक माझी झाली. पुढच्या मंगळवारी या. आणि हिच्या वडलांना वर घेऊन या.”

“ते येतील का?”

“मी बोलावलंय म्हणून सांगा. ह्या वेळी कागद त्यांच्यासमोर लिहीन.”

दुपारी डॉ. मुळ्यांना फोन केला. ते नगरच्या मुख्य दवाखान्यात बसतात, आमच्यावर देखरेख त्यांची.

“झोपवून करायची मोठी चाचणी करून घ्या की.”

“तिची तारीख मार्चची मिळतेय, सर. तोवर पोरगी मार खाईल.”

“मग टेबल बदला.”

“टेबल बदललं तरी माझा खांदा दिसणारच. मला मागे बसायचंय. कीबोर्ड बदलायला लागेल.”

“सुजाताताई, तो विश्वस्तांनी दिलाय. कुठं ठेवणार आपण?”

“रिसेप्शनला. तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल. त्यांना आवडेल.”

सर हसले. “दीड हजाराच्या आत बसवा. वर गेलं तर मीटिंगमध्ये विषय न्यावा लागेल, आणि मीटिंग जानेवारीत.”

मी वहीत लिहिलं: बिनवायरचा, म्हणजे मला मुलाच्या पाठीमागे बसता येईल. बसका, लॅपटॉपसारख्या चपट्या बटणांचा, म्हणजे बोट उचलावं लागणार नाही. बिनआवाजाचा. दीड हजाराच्या आत. सोमवारपर्यंत.

त्याच दिवशी बाजारपेठेतल्या संगणकाच्या दुकानात गेले. बाजाराचा दिवस होता. बाहेर टेम्पोवाल्यांची भांडणं, भाजीवाल्यांचा लिलाव, शेजारी मोबाईलच्या दुकानात गाणी. दुकानदार चौधरींनी एक काळा कीबोर्ड काढला. मी दाबून बघितला. काही ऐकू आलं नाही. घेतला. घरी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून दाबला, तर खोबरं फोडल्यासारखा आवाज.

मी आवाज मोजण्याचा पगार घेते, आणि कीबोर्ड बिनआवाजाचा आहे की नाही ते भर बाजारात ठरवून आले होते. हे मी वहीत लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौधरींकडे परत गेले.

“आवाज करतो हा.”

“मॅडम, कीबोर्ड हाय. थोडं तर बोलणारच.”

“मला अजिबात न बोलणारा पाहिजे.”

“असं तर माणूस बी मिळत न्हाई शेवगावात.”

चौधरींच्या वडलांना कानाचं मशीन मी बसवलं होतं. त्या ओळखीवर त्यांनी काळा परत घेतला आणि तीन कीबोर्ड दोन दिवसांसाठी नेऊ दिले. तिसरा गुलाबी होता.

“हा कुणी घेत न्हाई, रंगामुळं. न्या, बघा.”

आता शांत जागा हवी होती. केंद्रात दिवसभर माणसं. माझ्या घरी शेजारच्यांचं बांधकाम. रूथ सिस्टर म्हणाली, “ताई, आमचं चर्च बुधवारी दुपारी रिकामं असतं. पास्टरांना विचारते.”

जाड दगडी भिंती, उंच छत. आत गेलं की रस्ता ऐकू येईनासा होतो. रूथने लांब लाकडी बाकाच्या एका टोकाला डोळे मिटून, दोन्ही तळवे बाकावर टेकून बसायचं. मी तिच्या मागे राहून त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला कीबोर्ड ठेवून दाबायचा, मधे कमीजास्त वेळ सोडत. कळलं की तिनं “हो” म्हणायचं.

पहिल्याची अक्षरांची बटणं अगदी मुकी. मी खूश झाले. मग स्पेसबार दाबला.

“हो,” रूथ म्हणाली. “हे तर छपरालाही कळलं, ताई.”

स्पेसबार लांब असतो, आत त्याला तार असते, ती वाजते. सगळी बटणं गप्प आणि मला लागणारं तेवढं एकच बोलकं. तेव्हापासून मी कीबोर्डचा फक्त स्पेसबार बघते, बाकी बटणांकडे ढुंकून बघत नाही.

दुसरा चांगला चपटा. रूथला काही कळलं नाही. पण मधे आम्ही डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर बोलत पाच मिनिटं थांबलो, आणि पुन्हा दाबला तर संगणकावर काही उमटेना. दुसऱ्यांदा दाबल्यावर उमटलं. बॅटरी वाचवायला तो झोपी जात होता, आणि पहिला दाब त्याला उठवण्यात वाया जात होता. म्हणजे टोन जाणार नाही आणि मी लिहीन, मुलाला ऐकू आलं नाही. चूक तीच, फक्त उलट्या बाजूने. बाद.

तिसरा, गुलाबी. मी दाबायला लागले. रूथ गप्प. मी दाबत राहिले. चर्चमध्ये एक पारवा होता, त्याच्या पंखांची फडफड तेवढी ऐकू आली.

“रूथ, झोपलीस का?”

“नाही ओ. तुम्ही सुरू तर करा.”

“वीस वेळा दाबून झालंय.”

तिने डोळे उघडून मागे बघितलं. मग आम्ही दहा मिनिटं त्याला हात न लावता बसून राहिलो. पुन्हा दाबला, पहिल्याच दाबाला उमटलं. रूथने जागा बदलली, मी बदलली, परत तेच. किंमत अकराशे पन्नास. बिल मी केंद्राच्या नावाने घेतलं.

मंगळवार. हजर: मी, रूथ सिस्टर, ईश्वरी, सविता, आणि ईश्वरीचे वडील. ते दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

“मागच्यानं बी चांगलंच सांगितलं हुतं,” ते म्हणाले.

“मागचं मीच सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

ईश्वरीला लाकडी स्टुलावर बसवलं, समोर टेबल नाही. चिंचोक्यांची वाटी मांडीवर. रूथ तिच्यासमोर. मी पाठीमागे चार फुटांवर, गुलाबी कीबोर्ड मांडीवर, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवलेला. मी कधी दाबते हे रूथलाही दिसत नव्हतं, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको.

मागच्या वेळी पहिल्या मिनिटातच चिंचोके पडायला लागले होते. आता मी बारीक टोन सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. आपण दोघं खोलीत बोलतो तेवढा केला. ईश्वरी वाटीकडे बघत शांत बसली होती. वडील पुढे सरकले. मी आणखी वाढवला, आणखी. हेडफोनमधून तो आता बाहेरही झिरपत होता, वडलांना दारापाशी ऐकू येत होता.

“आता तर आलाच की आवाज,” ते म्हणाले. ईश्वरी हलली नाही.

पुढच्या टोनला चिंचोका पडला.

दुसऱ्या कानाचंही तसंच. मी ऑडिओग्राम काढला, म्हणजे कानाचा आलेख. रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. साधं बोलणं जिथे असतं, त्याच्या बरीच खाली ईश्वरीची रेघ होती. खात्रीसाठी पुन्हा एकदा सगळं केलं. रेघ तिथेच आली.

“म्हंजे नाटक न्हाई?” वडलांनी विचारलं.

“नाही. मशीन लावलं तर पुष्कळ ऐकू येईल. आणि बोलताना तिच्या समोर या. पाठीमागून हाक मारू नका.”

“मी काय सांगत हुते?” सविता म्हणाली. नवऱ्याला म्हणाली की मला, ते मी विचारलं नाही. ते दोघांनाही लागू होतं.

वडील उठले, लेकीच्या समोर उकिडवे बसले. म्हणाले, “भूक लागली का?” ईश्वरीने त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि मान डोलावली. जुना कागद मी सवितासमोर फाडला. नवा लिहिला, त्यावर शाळेसाठी एक ओळ वेगळी लिहिली: हिला पहिल्या बाकावर बसवावे.

फेब्रुवारीत मशिनं बसली. आता ती येते तेव्हा जिन्यावरूनच तिची बडबड ऐकू येते, आणि सविता तक्रार करते की पोरगी गप्प बसत न्हाई. डॉ. मुळ्यांनी नगरच्या दवाखान्यासाठी तसेच दोन कीबोर्ड मागवले. रंग बघू नका, स्पेसबार बघा, आणि जिथे वापरायचा तिथे नेऊन बघा, असं मी त्यांना लिहून पाठवलं. विश्वस्तांचा कीबोर्ड रिसेप्शनला आहे, दिवे चालू. ते येतात तेव्हा खूश होतात. आमच्या खोलीतला गुलाबी मी रोज संध्याकाळी स्वतः पुसून कपाटात ठेवते. इतक्या वर्षांत केंद्रासाठी बरीच यंत्रं घेतली, पण अकराशे पन्नास रुपयांत इतकं खरं बोलणारं दुसरं घेतलं नाही.

ईश्वरीचा नवा कागद लिहिला त्याच आठवड्यात मी एक यादी केली: जुनं मशीन बंद पडल्यापासून त्या दणदणीत कीबोर्डवर तपासलेली सगळी मुलं. चौदा नावं. ईश्वरी सोडून बाकी सगळ्यांना फोन केले, काहींच्या गावात निरोप धाडले, दोघांच्या घरी रूथ सिस्टर स्वतः जाऊन आली. तेरा मुलं पुन्हा तपासून झाली. अकरा जणांचे कान आधी लिहिले तसेच निघाले. ईश्वरी धरून दोघांचे नाही.

चौदाव्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. कोणत्या कारखान्यावर ते शेजाऱ्यांना नक्की माहीत नाही, मुकादमाचा फोन लागत नाही. त्याच्या नावापुढे मी अजून खूण केलेली नाही. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. सकाळी कीबोर्ड काढताना ती समोर येते, आणि मी आधी मुकादमाला फोन लावते.