निलंग्याचा मोगरा

आमच्या गल्लीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात सकाळी देवांचे फोटो येतात आणि दुपारी झाडांचे उपाय. कांद्याच्या साली तीन दिवस भिजवा आणि ते पाणी घाला. केळीची सालं पुरा. अंड्याची टरफलं कुटून टाका, आणि ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी म्हणे खडूची पूड टाकावी. मी तीस वर्षं शाळेत खडूच्या पुडीत काढली, माझ्यात काही सुधारणा झालेली कुणाला दिसली नाही. हे उपाय पाठवणाऱ्या निम्म्या बायकांच्या अंगणात फरशी आहे. उरलेल्यांकडे एक तुळस, तीही वाळलेली. तरी मी रोज सगळे उपाय वाचत असे. नावं ठेवायची तर नीट वाचून ठेवावीत.

मला असल्या ज्ञानाची गरज नव्हती, कारण माझ्या दारात निलंग्याचा मोगरा होता. तो आईच्या अंगणातला. भावाला एके दिवशी चिखलाचा कंटाळा आला आणि त्यानं अख्ख्या अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवायला काढले. गाडी उभी करायला बरं, म्हणाला. गाडी त्याच्याकडे अजून नाही. आदल्या दिवशी मी जाऊन मोगरा मुळासकट उकरला, पोत्यात बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन लातूरला आणला. निघताना आई एवढंच म्हणाली, "जगव म्हंजे झालं."

त्यानंतर तिचा फोन आला की पहिला प्रश्न मोगऱ्याचा. जावयाची तब्येत तिसरी.

आईच्या सगळ्या युक्त्या मला पाठ होत्या. थंडी संपत आली की पाणी तोडायचं, पानं ओरबाडून काढायची, फांद्या छाटायच्या आणि मग बुडाशी शेणखत द्यायचं. उन्हाळ्यात मुळाजवळ एक झिरपणारं मडकं पुरायचं आणि वर पालापाचोळा पसरायचा. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून बाजूनं चर काढायचा, मावा पडला तर राख उधळायची. आमच्याकडे चूल नाही, म्हणून मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणत असे. दोन उन्हाळे मोगरा असा फुलला की गल्लीतून जाणारा माणूस फाटकापाशी थांबे. मी पायरीवर बसून त्याला थांबताना बघत असे.

शेजारी भाभी राहते. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. तिचं अंगण म्हणजे भंगाराचा गाडा: तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, आणि त्या प्रत्येकात काहीतरी उगवलेलं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, मटण धुतलेलं पाणी गुलाबाला. झाडलोट केली की पाचोळा बाहेर न टाकता परत डब्यांतच. मला ते बघवत नसे. एका पावसाळ्यात मी मोगऱ्याचे वाढलेले शेंडे कापत होते तेव्हा तिनं भिंतीवरून चार काड्या मागितल्या. मी दिल्या, पण म्हणाले, "लागायच्या न्हाईत, भाभी. त्याला हात लागतो." ती हसली आणि काड्या घेऊन गेली.

पुढं मुलानं पाणी शुद्ध करायची मशीन आणून दिली. आमच्या बोअरचं पाणी जड. भांड्याला पांढरा थर धरतं. मशीन एक तांब्या पाणी देई आणि दोन तांबे नळीतून बाहेर टाकी. ज्या गावानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय त्या गावात मी हे मोरीत जाऊ देणार होते होय? नळीखाली बादली लावली आणि दोन्ही वेळा ती मोगऱ्याला ओतायला लागले. एवढंच नाही, त्या ग्रुपवर मी जन्मात एकच संदेश टाकला तो हाच. मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घाला, शिकलेल्या बायांनी तरी थोडा विचार करावा. खाली हात जोडल्याची चित्रंच चित्रं आली.

पुढच्या पावसाळ्यानंतर पानांच्या कडा करपायला लागल्या. मी राख टाकली, खत टाकलं, पाणी वाढवलं. एक दिवस भाभी बाटली घेऊन आली, कांद्याच्या सालीचं पाणी. तोंडावर नाही म्हणवेना म्हणून मी ओतू दिलं. त्यानंतर थंडीत झाडाची पानं गळाली आणि छाटणीनंतर नवी फूट आलीच नाही. मला काय, कारण हातातच होतं. मी भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "तुमच्या कांद्यानं माझ्या आईचं झाड मारलं."

"एकच बार टाकली होती बाई," ती म्हणाली. "एकच बार."

ईदेला तिच्याकडून दरसालसारखा शीरखुर्म्याचा डबा आला. शुगर वाढलीय म्हणून मी तो दारातूनच परत पाठवला. शुगर मला नाही.

चैत्र संपता संपता आई आली. तिला आता अंधूक दिसतं. मी गंजगोलाईच्या बाजारातून मोगऱ्याची फुलं आणून वाटीत घालून तिच्या उशाशी ठेवली होती, आणि आपली म्हणून सांगणार होते. तिनं वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

"इकत आणलीस," म्हणाली. "आपला कुठं हाय?"

मी तिला झाडापाशी नेलं. तिनं फांद्या चाचपल्या, एक मोडून बघितली. कट्‌कन मोडली. मग खाली बसली, बुडाची चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली.

"खारट हाय. कशाचं पानी घालायलीस?"

मी मशीनचं सांगितलं. नळी, बादली, पाण्याची बचत, सगळं. कांद्याचंही सांगितलं.

"कांद्यानं काय होतंय त्याला," आई म्हणाली. "तुमच्या पोटात मीठ जाऊ नये म्हनून ती मशीन ते बाजूला काढती, अन् तू ते सालभर ह्याला पाजलंस. शिकल्यालं मानूस तू."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, ते मी सगळ्या गल्लीला लिहून कळवलं होतं. किती घरच्या झाडांनी ते पाणी प्यालं असेल, मी विचारायची हिंमत केली नाही. मातीवरचा पांढरा थर मला रोज दिसत होता. मी त्याला इस्त्रीवाल्याची राख समजत होते.

संध्याकाळी आई पायरीवर बसली होती. थोडा वारा सुटला तशी तिनं मान वळवली, भिंतीकडे.

"तिकडं फुललाय की," म्हणाली. "आपलाच हाय. कुनाचं घर ते?"

मी उठून भिंतीवरून बघितलं. गंजलेल्या तेलाच्या डब्यात, पाचोळ्यात बुडालेला, कमरेएवढा मोगरा फुलांनी पांढरा झाला होता. चारही काड्या लागल्या असणार.

"आत्ता चार फुलं माग," आई म्हणाली. "काड्या मिरगात मागू."

भिंतीवरून मागायला तोंड नव्हतं, म्हणून फाटकातून गेले. भाभी अंगण झाडत होती. तिनं खराटा ठेवला आणि मी बोलायची वाट बघितली. आईला फुलं हवीत, एवढंच माझ्या तोंडातून निघालं. तिनं काही न विचारता पदरात ओंजळभर फुलं खुडली आणि माझ्यासमोर धरली.

"शीरखुर्मा तं कवाच खतम झाला बाई," ती म्हणाली. "फुलं घ्या."