उजव्या गालाच्या पेशी

आमच्या घरात अजूनही असं सांगतात की माझ्या वहिनीनं दुखणं अंगावर काढलं, कुणाला बोलली नाही, म्हणून गेली. परवा तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, स्वतःच्या सुनेला हेच सांगितलं. सुनेची दाढ सुजली होती आणि ती दवाखान्यात जायचं टाळत होती. "आमच्या आईनं असंच केलं हुतं," तो म्हणाला. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. इतकी वर्षं बसलो तसाच बसून राहिलो.

ते खरं नाही. तिनं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं गाव कर्जतच्या रस्त्यावर. वहिनी पहाटे भाकरी थापून डबा पहिल्या एस.टी.त देई, कंडक्टर तो स्टँडवर ठेवी आणि मी जाऊन आणी. विहीर आटली होती. थोरला भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होता. भाकरी रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची असे, गार झाली की तुटायची नाही. मी कधी डबा न खाता परत पाठवला नाही आणि कधी चांगला होता असंही म्हटलं नाही.

त्या हिवाळ्यात आम्हाला पेशीविभाजनाचं प्रॅक्टिकल होतं. त्यासाठी कांद्याची कोवळी मुळं लागत. बाजारातले कांदे महाग झाले होते, म्हणून मी घरी वहिनीला एक कांदा उगवून ठेवायला सांगितलं. तिनं पेल्यात पाणी भरून त्याच्या तोंडावर कांदा बसवला, बूड पाण्याला टेकेल असा.

"हितं मानसाला प्यायला न्हाई आन् कांद्याला पेला भरून?" भाऊ म्हणाला.

"तो बी.एस्सी. करतोय," वहिनी म्हणाली.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो तेव्हा कांद्याला पांढरी मुळं फुटली होती. मी त्यांची टोकं ब्लेडनं कापून, ती तशीच टिकावीत म्हणून कॉलेजातून आणलेल्या औषधाच्या बाटलीत टाकली. वहिनी शेजारी बसली होती. यात काय दिसतं म्हणून तिनं विचारलं, आणि मी सांगायला लागलो. सांगण्याची मला हौस होती.

पेशी आधी नुसती बसलेली दिसते. आमच्या पुस्तकात त्याला विश्रांतीची अवस्था म्हटलं होतं. पण तेव्हाच ती आत सगळ्यात जास्त काम करते, आपल्याजवळ आहे ते सगळं दुप्पट करून ठेवते. मग केंद्रातले धागे आखडून जाड होतात. प्रत्येक धागा जोडीचा झालेला असतो. हे जोडधागे पेशीच्या मधोमध एका ओळीत येतात. मग जोड्या सुटतात, एक धागा इकडं, एक तिकडं ओढला जातो. दोन्ही टोकांना धागे गोळा झाले की त्यांच्याभोवती पुन्हा पडदा धरतो, मधे भिंत पडते, आणि एकाच्या दोन पेशी होतात.

"म्हंजी वाटनीच की," वहिनी म्हणाली. "पन आदी समदं दुप्पट करायचं आन् मग वाटायचं. आपल्याकडं अर्ध्याचं अर्ध करत्यात. लई अक्कल हाय त्या कांद्याला."

"आपल्या अंगातही असंच चालतं," मी म्हणालो. "जखम अशीच भरून येते."

"आन् बास झालं म्हनून त्यास्नी कोन सांगतं?"

"जखम भरली की थांबतात. आपोआप."

"न्हाई थांबल्या तर?"

धड्याच्या शेवटच्या पानावर तेच होतं. ते मी नुकतंच वाचलं होतं. "मग गाठ होते," मी म्हणालो.

ती उठली, चुलीत लाकूड सारलं, परत येऊन बसली आणि उजेडाकडं तोंड करून 'आ' केला. डाव्या गालाच्या आत पावलीएवढी जखम होती, कडेनं पांढुरकी, मधे लाल. तंबाखू भाजून केलेली मिश्री ती त्याच बाजूला धरायची. आमच्या गावातल्या बहुतेक बायका धरत.

"दिवाळीपास्नं हाय. तिखट लागलं का डोळ्यात पानी येतं. तुमच्या त्या यंत्रात बघता येतंय का, भाऊजी?"

"दादाला सांगितलंस?"

"त्यास्नी काय सांगू? खडी फोडून येत्यात आन् जेवता जेवता झोपत्यात. तुमी शिकताय, म्हनून तुमाला इचारलं."

गालाच्या आतल्या पेशी खरवडून बघायच्या, हे प्रॅक्टिकल आम्ही आधीच केलं होतं. माझ्या पिशवीत काचपट्ट्या होत्या. मी काडेपेटीतल्या काडीचं गूल नसलेलं टोक जखमेच्या कडेला लावलं. ती कळवळली. काडीला रक्त लागलं. मी ती काडी चुलीत टाकली, दुसरी घेतली आणि उजव्या गालातून खरवडलं. तो गाल चांगला होता, तिथं काही दुखत नव्हतं.

"हिकडनं घेतलं तरी चालतंय?" तिनं विचारलं.

"शितावरून भाताची परीक्षा, वहिनी," मी म्हणालो.

सोमवारी प्रयोगशाळेत मी त्या काचपट्टीवर निळा रंग टाकला आणि पाहिलं. पसरट पेशी, प्रत्येकीत मधे एक गोल ठिपका. कुठं धागे नाहीत, कुठं ओळ नाही. आमचे सर मागून येऊन वाकले. "कुणाच्या?" त्यांनी विचारलं. "माझ्याच," मी म्हणालो. "छान आल्यात. आकृती काढून घे." मी आकृती काढली आणि सही घेतली.

गालाच्या वरच्या थरातल्या पेशी म्हाताऱ्या झालेल्या असतात. त्या विभागत नाहीत. विभागणाऱ्या पेशी खाली, तळाच्या थरात असतात. म्हणजे वर काही दिसलं नाही याचा अर्थ काहीच नव्हता, कुठल्याही गालाचं घेतलं असतं तरी. हे मला त्या दिवशी माहीत होतं. पुढं तीस वर्षं मी हेच मुलांना शिकवलं.

तेव्हा सरांना खरं सांगता आलं असतं. त्यांनी तिला दवाखान्यात आण म्हणून सांगितलं असतं. मग ती नगरला आली असती, कदाचित पुण्याला गेली असती, भावाचं काम बुडालं असतं. आणि माझा डबा बंद झाला असता. परीक्षा जवळ आली होती. मी डब्याचा विचार केला. या ओळीसाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे, म्हणून ती खोडत नाही.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो. "काही नाही," मी तिला सांगितलं. "पेशी अगदी शांत आहेत. मिश्री तेवढी कमी कर."

"बघा, मी उगंच भ्याले," ती म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

माझी परीक्षा झाली; निकालापर्यंत मी नगरलाच राहिलो, डबा येत होता. पावसाळा लागेपर्यंत तिला तोंड नीट उघडेनासं झालं आणि मानेला गाठ आली. भावानं तिला आधी नगरला दाखवलं, मग पुण्याला नेलं. मी बरोबर होतो. डॉक्टर भावावर ओरडले, "इतके महिने काय करत होतात?"

"हिनं सांगितलंच न्हाई कुनाला," भाऊ म्हणाला.

वहिनी तोंडावर पदर धरून बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. डॉक्टरांकडंही नाही. समोर भिंत होती, तिकडं पाहत राहिली. मी काही बोललो नाही. घरात आजवर सांगतात ते वाक्य तिथं तयार झालं, माझ्यासमोर.

नंतर वॉर्डात आम्ही दोघंच असताना ती म्हणाली, "तुमी उजवीकडनं घेतलं हुतं." तिचे शब्द नीट फुटत नव्हते, मी कान जवळ नेला. "मला वाटलं, एकाच तोंडाचं दोन गाल, येगळं कशाला असत्याल?" मी हो म्हणालो. की नाही म्हणालो, ते आठवत नाही. मग तिनं विचारलं, "डब्याचं कसं करताय?"

पुढच्या दिवाळीच्या आत ती गेली. मी रडलो नाही. पुतण्या तेव्हा शाळेतही जात नव्हता. त्याला आई आठवत नाही, तिच्याविषयी सांगितलेलं ते एक वाक्य आठवतं.

काल मी त्याला हे सगळं सांगितलं. तो अंगणात दुधाचा कॅन विसळत होता. त्यानं हात थांबवला नाही. विसळता विसळताच विचारलं, "कुठल्या बाजूला हुतं?"

"डाव्या."

"आन् तुमी?"

"उजव्या."

त्यानं कॅन उपडा घातला. हात धोतराला पुसले आणि घराकडं तोंड करून सुनेला हाक मारली. ती मिक्सर बंद करून दारात आली. सूज उतरली नव्हती, गालाला रुमाल धरलेला होता.

"मी तुला आईचं सांगितलं ते खोटं हाय," तो तिला म्हणाला. "आईनं इचारलं हुतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "काका, काय झालं ते तुमी सांगा हिला."

ती पायरीवर बसली. मी कांद्यापासून सुरुवात केली.