ती पिवळी वायर
राजारामपुरीतल्या एका सर्किट डिझायनरनं मला फसवलं आणि चोर मी ठरलो. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला अजून नेसरीतलं ते दूध संकलन केंद्र आठवतं. मी बनवलेल्या दूध मोजायच्या काट्यात त्या डिझायनरनं केलेली दोन सर्किटं होती, एक वजन घेणारं, दुसरं आकडा दाखवणारं, आणि दोन्हींची क्लॉक, म्हणजे कामाचा ठेका देणारे ठोके, वेगवेगळी. पहिलं आकडा बदलत असतानाच दुसऱ्यानं तो उचलला, तर निम्मा जुना, निम्मा नवा असा भलताच आकडा दिसतो. म्हणून मी त्याला आधीच बजावलं होतं, "दुसऱ्यानं 'घेतला' म्हणेपर्यंत पहिल्यानं आकडा हलवायचा न्हाय." "केलंय की मालक," म्हणत त्यानं टेबलावर काटा चालवून दाखवला. आकडा एकदाही चुकला नाही. नेसरीत मात्र सकाळच्या गर्दीत, कोमट दुधाच्या वासात, एका मावशींनी भरलेली किटली ओतली आणि वजन निम्मंच दिसलं. "पावणं, म्हस माझी, धार म्या काढली, आन् निम्मं दूध तुमचा काटा प्याला व्हय?" अख्खी रांग हसली. मी काटा उचलला आणि थेट त्याच्या टेबलावर आपटला. तेव्हा त्याच्या चाचणीच्या जोडणीत मला ती पिवळी वायर दिसली. तिच्यातून त्यानं टेबलावर दोन्ही सर्किटांना एकच क्लॉक दिलं होतं, मग तिथं आकडा चुकणार कसा? नेसरीला गेलेल्या काट्यात ती वायर नव्हतीच. मी सांगितलेली सोय त्यानं केलीच नव्हती. "तपासायला सोपं पडतं," एवढंच तो म्हणाला. पुढं काटा मी दुसऱ्याकडून नीट करून घेतला, पण नेसरीत तो आजही कुणी दारात उभा करत नाही. त्या डिझायनरनं एकदा त्या रांगेत उभं राहावं आणि मावशींना तोंडावर सांगावं, चोर कोण होता ते.