नाकवाली काकी

काकी भेटली की आधी माणसाचा वास घ्यायची, मग 'जय भीम' म्हणायची. दोन पावलं जवळ यायची, मान जराशी पुढे काढायची, डोळे अर्धे मिटून एक लांब श्वास ओढायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची. "साफ हाये, जा." नाहीतर, "काऊन जी, फवारलं नं?" सरपंच असो, नवा तलाठी असो की कोणाच्या घरी आलेला जावई, या तपासणीतून सुटका नव्हती. एकदा कृषी सहायकाला तिने असं हुंगलं, तेव्हा तो बिचारा बाजूला जाऊन स्वतःच्याच कॉलरीत नाक घालून पाहत होता. गावात तिला सगळे नाकवाली म्हणायचे. तिच्या तोंडावरही म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

गोरेगावजवळच्या आमच्या गावात निंदणाच्या बायांची टोळी काकीच्या हाताखाली होती. रोवणी झाली की धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, गवत माजतं आणि ते उपटायला सगळ्यांना एकाच आठवड्यात बाया लागतात. बाया तर तेवढ्याच. त्या दिवसांत काकीचा रुबाब असा की आमदाराने दुरूनच नमस्कार करावा. मी एरवी वर्षभर मोटारसायकल न थांबवता "काय काकी" म्हणून निघून जाणारा माणूस. निंदण आलं की बौद्ध मोहल्ल्याच्या तोंडाशीच गाडी बंद करायचो, तिच्या दारात चपला काढायचो आणि ती बोलण्याआधी मीच जय भीम घालायचो. काकी आतल्या बायांना सांगायची, "आला वो पाहुना. गवत वाढलं असंल."

तिच्या हुंगण्यामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी ती एका बांधीत निंदायला उतरली होती. मालकाने सकाळीच तिथे औषध मारलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत तिचे डोळे वाहायला लागले, उलट्या सुरू झाल्या, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तो मालक मी नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. मी तेव्हा गोंदियातच कॉलेजात नापास होत होतो. काकी स्वतः या प्रकरणाबद्दल एकच वाक्य बोलायची, "त्यानं येक सबद सांगतला असता तं मी गेली नसती." त्या मालकाशी ती भांडली नाही. पण परत आल्यापासून हे वास घेणं सुरू झालं.

खरं तर नियम गावात आधीपासून होता. पंचायतीच्या भिंतीवर मोठा फलक रंगवलेला होता, फवारणीची पूर्वसूचना द्या, फवारलेल्या शेताला खूण लावा, वगैरे. भिंतीला दुपारी चांगली सावली पडते, म्हणून आम्ही तिथे टेकून बसायचो. तो फलक मी कित्येक वर्षं पाठीने वाचला. काकी ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, "भिंतीवर लिवलं ते भिंतीनं वाचलं. आता मानसाईनं आयका." फवारायच्या आदल्या संध्याकाळी बोअरिंगवर येऊन पाणी भरणाऱ्या बायांना सांगायचं, कोणती बांधी ते सांगायचं, तिच्या कडेला धुऱ्यावर लाल कपडा बांधायचा आणि औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तो सोडायचा नाही. मागून कोणीतरी विचारलं, "अन् नाही सांगतलं तं?"

"तं निंदन आपल्या हातानं काढा."

ठराव एकमताने मंजूर झाला. सरपंचाचीच शेती सगळ्यात जास्त होती.

मी पडलो शिकलेला, म्हणजे निदान नापास होण्याइतका तरी. मी 'फवारणी सूचना' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यावर कमळाचं चित्र टाकलं आणि पहिली सूचना पाठवली. लगेच धडाधड अंगठे आले. काकीला मोठ्या कौतुकाने दाखवायला गेलो. तिने मोबाईल लांब धरून पाहिला. "हे सारे तं शेतवाले हायेत जी. यात मायी येक बाई तरी राहते का?" एकही नव्हती. ग्रुपवर आता लोक सुप्रभात करतात.

मग आलं ते खोडकिड्याचं वर्ष. बाया दुसऱ्या दिवशीच्या ठरलेल्या, आणि मला बोडीकडच्या, तळ्याला लागून असलेल्या बांधीत कीड दिसली. सांगितलं असतं तर बाया दुसऱ्याकडे गेल्या असत्या आणि माझी पाळी गेली असती पार मागे. मी दुपारीच गुपचूप फवारलं. मनाशी म्हटलं, बाया आधी दुसऱ्या बांध्या निंदतील, ही शेवटी ठेवू. घरी येऊन चंदनाचा साबण अर्धा झिजवला, लग्नातलं अत्तर शोधून काढलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि संध्याकाळी काकीकडे बाया पक्क्या करायला गेलो. चुलीवर तिची डाळ लागलेली होती, तो करपट वास पार रस्त्यापर्यंत येत होता. मला सांगावंसं वाटलं, पण म्हटलं आपण कामाने आलोय, कशाला कोणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवा.

काकी दोन पावलं जवळ आली. मान पुढे. लांब श्वास.

"कोनती बांधी?"

"कशाची कोणती?"

"भाऊ." ती एवढंच म्हणाली.

"बोडीकडची," मी म्हणालो.

तिने वळून बायांना सांगितलं, "उद्या याच्याकडं नाही वो." त्या साली निंदण मी आणि बायकोने काढलं. माझं कंबरडं आणि बायकोचं तोंड, दोन्ही महिनाभर थांबली नाहीत. तोवर गवत असं तरारलं होतं की रस्त्याने जाणाऱ्या एका पाहुण्याने मला धान चांगलं आहे म्हणून शाबासकी दिली. त्यानंतर मी काकीच्या नाकाचा प्रचारकच झालो. गोरेगावच्या बाजारात मी लोकांना सांगायचो, ती नुसती हुंगून औषधाची कंपनी सांगते.

गेल्या वर्षी तिचे गुडघे पुरते गेले आणि लेकीने तिला नागपूरला बोलावलं. कोहमाऱ्याला बस धरायची होती. मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. धाब्यावर चहा घेत बसलो. शेजारच्या कढईत मिरचीची भजी पडत होती, सगळे तिकडेच वळून पाहत होते. काकी शांत बसलेली. मी म्हणालो, "काय वास सुटलाय, काकी."

"असंल," ती म्हणाली.

"असंल म्हणजे?"

"मले कोठचा वास येते भाऊ? त्या दवाखान्यातून आली तवापासून गेला. भात काय, मोहफूल काय, सारं येकच."

"मग त्या दिवशी मला कसं धरलं?"

"केस वले होते तुमचे. संध्याकारी आंग धुनारा मानूस आपल्या गावात कोन हाये? अन् बाया सांगाले इस्त्रीचा शर्ट घालून कोन येते जी?"

"आणि बाकीचे?"

"जवळ गेली का साफ मानूस हासते. फवारलेला मांगं सरकते." बस दिसली तशी ती पिशवी उचलून उठली. "गावात सांगू नोका. बायाईले कामी पडते ते."

मी सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय ते या भरवशावर, की माझं लिहिलेलं आमच्या गावात कोणी वाचत नाही.

यंदा टोळी काकीच्या पुतणसुनेकडे आहे. परवा बाया पक्क्या करायला गेलो. मी कुठेच फवारलं नव्हतं, केस कोरडे होते, शर्ट शेतातलाच होता. ती दोन पावलं जवळ आली, मान पुढे काढली, डोळे अर्धे मिटून लांब श्वास ओढला. मला सगळं गुपित माहीत होतं. तरी माझा पाय आपोआप मागे गेला.

"कोनती बांधी?" तिने विचारलं.

मी घाबरून एकदम दोन बांध्यांची नावं सांगून टाकली. मागाहून लाख समजावलं, तिने ऐकलं नाही. दोन्ही धुऱ्यांवर आता लाल कपडे बांधलेले आहेत, आणि तिथलं निंदण बायको आणि मी काढतो आहोत.