आत्याची पिशवी आणि साहेबांचा गणवेश

समजा, तुम्हाला बारा दिवस पेट्रोलचा टँकर चालवायचाय आणि सगळे कपडे सीटमागच्या वीतभर फटीत कोंबायचेत. काय घ्याल? कडक इस्त्रीचे शर्ट घेतलेत तर माझी आत्या हसेल. चाकांची बॅग आणलीत तर काही बोलणारच नाही, नुसती बघेल. ते जास्त झोंबतं.

सतरा वर्षं आत्या टँकर चालवतेय. तिची पिशवी ठरलेली. दोन जाड सुती पँटी, पूर्ण बाह्यांचे तीन सुती शर्ट, सगळं एक माप मोठं, कारण दहा तास बसल्यावर कंबर काचते. खिसे पुढे, मांडीवर. थंडीसाठी जुनी सुती चादर. सुताखेरीज अंगावर धागा नाही. कृत्रिम कापड अंगाला घासलं की त्यात वीज साचते, आणि टाकीचं झाकण उघडताना वाफेला एक ठिणगी पुरते.

हे मुख्य कार्यालयाला ठाऊक असेल, अशी आपली भाबडी समजूत. गेल्या महिन्यात तिथून नवा गणवेश आला. निळा, चकचकीत, पाठीवर हातभर बोधचिन्ह. सोबत फर्मान: गणवेश नाही तर फेरी नाही.

"हॉटेलचा पडदा फाडून शिवलाय," आत्या म्हणाली. तिनं शिवणीतला एक धागा उसवला, चिमट्यात धरून गॅसवर नेला. सुती धाग्याची राख होते. हा आक्रसला, वितळला आणि त्याची काळी, टणक गोळी झाली. आत्यानं ती कागदाच्या पुडीत बांधली.

दुसऱ्या दिवशी तिची फेरी होती. यार्डाच्या साहेबांसमोर तिनं पुडी सोडली.

"हे काय?"

"तुमचा गणवेश. शिजवून आणलाय."

"अहो बाई, रंग बघा ना, किती उठून दिसतो!"

"पेटल्यावर अजून दिसेल."

"बाकी सगळ्यांनी मुकाट घेतला. तुम्हीच तेवढ्या शहाण्या?"

"झाकण उघडायला वर मी चढते, साहेब. तुम्ही तेव्हा पंख्याखाली असता."

साहेबांनी तिच्या टँकरची चावी शेजारच्या ड्रायव्हरपुढे धरली. यार्डात त्याला 'होसाहेब' म्हणतात. नवा गणवेश त्यानं पहिल्याच दिवशी चढवला होता. होसाहेबनं गोळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे. घटकाभरापूर्वी ठणठणीत असलेला हा गडी म्हणाला, "माझी पाठ धरलीय हो," आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला.

टँकर जागचा हलेना. वाटेतल्या पहिल्या पंपावर माल त्याच दिवशी पोचायचा होता, तिथून फोन सुरू झाले. तासाभरात साहेबांच्या नियमातला ताठा गेला.

"या फेरीपुरतं जा जुन्या कपड्यांत. पण लेखी खुलासा हवा!"

आत्यानं स्टिअरिंगवर कागद टेकवून एकच ओळ लिहिली, कागद खिडकीतून दिला आणि गाडी काढली.

त्याला तीन आठवडे झाले. साहेबांनी कागद मुख्य कार्यालयाला धाडला, तिथून उत्तर नाही. आल्या त्या टोप्या, त्याच कापडाच्या. पुढच्या फेरीची चावी मिळणार की नाही, हेही कुणी सांगत नाही. पिशवी मात्र भरून दाराशी तयार आहे आणि आत्याला अजून तिच्या ओळीचं उत्तर हवंय: हे कापड ज्यानं पसंत केलं, तो भरल्या टँकरच्या उघड्या झाकणाशी कधी उभा राहिलाय का?