बाईंचा शनिवारचा तास

"थोडा ठेचा घेऊ का?" असं विचारून बाई माझ्या डब्यापुढे हात मागे घेऊन बसायच्या. आपल्या तोंडात घास, म्हणून नुसती मान हलवली तर त्यांना चालायचं नाही. "खरंच घेऊ ना?" बोटभर ठेच्यासाठी एवढा सोहळा! मी शाळेत पीटी शिकवते. शिट्टी वाजवून माणसं हलवायची मला सवय. एकदा वैतागून अख्खा डबा त्यांच्यापुढे आदळला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आता घेते."

असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्याशेजारी बसलं की आपण रानटी आहोत असं वाटतं, आणि मग त्याचाच राग येतो. आमच्या स्टाफरूमला बाईंचा तसला राग होता.

आमची शाळा बेल्ह्याच्या अलीकडे. बाई विज्ञानाच्या, रोज वारूळवाडीहून एसटीने यायच्या. दहावीसाठी त्यांनी शनिवारचा एक तास मागून घेतला होता. आवडणं म्हणजे काय, मागे मागे फिरणं म्हणजे आवडणं नव्हे, फोन हिसकावून बघणं म्हणजे प्रेम नव्हे, असलं सगळं त्या मुलामुलींना एकत्र बसवून सांगायच्या. सर लोक त्याला 'लफड्यांचा तास' म्हणत. खिडकीखाली उभं राहून सगळं ऐकत, आणि आत येऊन शी-शी करत. मेले ढोंगी!

बाईंचं पालुपद ठरलेलं. "आधी विचारायचं. उत्तर येईपर्यंत थांबायचं. नाही म्हटलं, तर गप घरी जायचं."

पोरांना त्या समोरासमोर उभं करत. एकाने चालत यायचं, समोरच्याला नको वाटलं की त्याने "थांब" म्हणायचं. मुलींच्या तोंडातून शब्दच फुटायचा नाही, नुसत्या ओढणीत तोंड खुपसून हसायच्या. एक मात्र, बैलांच्या व्यापाऱ्याची मुलगी, अशी काही ओरडली की मैदानावर माझा कबड्डीचा डाव थांबला. "थांब म्हणलं ना!" बाईंचा चेहरा काय फुलला होता तेव्हा! ती त्यांची लई लाडकी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. बाईंनी तिच्यासाठी पार पुण्यापर्यंत चौकशी करून ठेवली होती.

तिच्याच वर्गात एक मुलगा होता. घरी मेंढरं. वर्षभरात त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. एक दिवस मधल्या सुट्टीत तो धावत स्टाफरूमच्या दारात आला.

"बाई, मी विचारलं!"

त्याने हळूच त्या मुलीचं नाव सांगितलं. बाई खुर्चीतून उठल्याच. "शाब्बास! मग, काय म्हणाली?"

"म्हणले, बघू."

"म्हणले? कोण म्हणले?"

"तिचं वडील. बेल्ह्याच्या बाजारात गाठलं. रुमालाखाली हात घालून बैलाचा सौदा चालला व्हता, तवर थांबलो. मग म्हणलं, अण्णा, तुमची पोरगी मला आवडती, तिच्याशी बोललं तर चालंल का? चहा पाजला बाई त्यांनी मला. पोरगं सरळ हाय म्हणले."

"अरे, पण तिला विचारलंस का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "तिला कसं विचारायचं? बरं दिसतं का ते? घरच्यांना विचारायचं आसतं ना."

आता यात पोराचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आमच्याकडे बैल विचारून नेतात, मुलगीही विचारूनच नेतात. विचारतात मालकाला. त्याच्या बापाने, आज्याने हेच केलं. कुणाला विचारायचं, हे बाईंनी कधी सांगितलंच नव्हतं. ते वेगळं सांगावं लागेल, असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत नाही. पाठोपाठ बातमी आली की सुपारी फुटली, म्हणजे लग्न पक्कं, तेही भलत्याच मुलाशी. बाई तिच्या घरी निघाल्या. मीही गेले, कारण बाईंना भांडता येत नाही.

बापाने आम्हाला खुर्च्या दिल्या. "तुमच्यावर राग न्हाई बाई. पोरगं बी गुणाचं. पर भर बाजारात चार जणांनी ऐकलं. पोरीचं नाव निघालं. आता घरात ठिवून लोणचं घालू का तिचं?"

मी भडकले. "अहो, तिला यातलं काही ठाऊक तरी आहे का?"

"कुठलं ठाऊक! म्हणून तर म्हणतो, पोरगी लई चांगली हाय."

मी ओसरीवर घसा फोडत होते, तेवढ्यात बाई मागच्या दाराला जाऊन आल्या. परत येताना रस्ताभर माझ्या पुढे झपाझप चालत राहिल्या. मग त्या पोलीस पाटलाकडे गेल्या. तो मुलीचा सख्खा चुलता. म्हणून बालविवाह थांबवणाऱ्या हेल्पलाइनला फोन केला. माणसं आली तेव्हा घराला कुलूप होतं. लग्न मामाच्या गावाला उरकलं होतं.

शनिवारचा तास बंद झाला. कवायतीसाठी तो मला मिळाला. स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी म्हणायचंच, "काय बाई, विचारा म्हणत होता ना? विचारलं की पोरानं!" आणि सगळे खिंकाळायचे. त्या मुलाला आजही वाटतं, आपल्या घरी मेंढरं म्हणून नकार आला.

वर्ष संपल्यावर बाईंनी बदली मागून घेतली, घोडेगावच्याही पलीकडे, डोंगरात. मी त्यांना नारायणगावच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. मी पिशवी खिडकीतून आत दिली, तेव्हा बाई मुलीच्या घरी गेलो त्या दिवसाचं पहिल्यांदा बोलल्या.

"मागच्या दारी ती भांडी घासत होती. मला म्हणाली, बाई, त्यानं मला का न्हाई विचारलं? मी न्हाई म्हणले आसते. तो गेला आसता घरी, आन् मी आले आसते शाळंत."

कंडक्टरने बेल मारली.

"मी तिला न्यायला आलेय, असं वाटलं तिला," बाई म्हणाल्या. "दप्तर भरून दाराशी आणून ठेवलं होतं तिने."