कुंकू लागलेलं भिंग

आमच्या टेमघरच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, खंडेनवमीला. शिपाई गुणाबाई कमरेची चावी काढायच्या, दोन सूक्ष्मदर्शकांवरची धूळ झटकून ते टेबलावर मांडायच्या आणि संस्थेचे सेक्रेटरी केसरीनाथशेठ त्यांना हळद-कुंकू वाहायचे. झेंडूचं फूल, पेढा, फोटो. मग कपाट पुन्हा बंद. मी इथे सतरा वर्षं मराठी शिकवतोय आणि दरवर्षी तो पेढा गुमान खाल्लाय.

गुणाबाई शेजारच्या शेलार गावच्या. नवरा गेला तेव्हा शाळेत लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. त्यांचा थोरला जीवन आमच्याकडेच दहावीला विज्ञानात दोनदा नापास झाला आणि मानकोलीच्या गोदामात माल उचलायला लागला. "पोरगा ढ आहे," असं आम्ही त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी ते खरं मानलं. आता धाकटी दिशा दहावीत आली होती आणि तीही म्हणायची, "मला विज्ञान जमनार न्हाय."

या जूनमध्ये हमिदा मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दहावीला विचारलं, सूक्ष्मदर्शकातून कोणी काय पाहिलंय? चौतीस मुलांत एकही हात वर झाला नाही. नववीच्या वह्यांत मात्र कांद्याच्या पेशींची सुबक चित्रं होती, गाइडातून उतरवलेली. मॅडमनी कपाट उघडायची परवानगी मागितली.

"फुटलं-तुटलं तर जबाबदार कोण?" केसरीनाथशेठ म्हणाले. "पूजेच्या वस्तू आहेत. राहू द्या."

वर आम्ही शिक्षकांनी स्टाफरूममध्ये शहाणपणा शिकवला. मॅडम, तुमचं नाव हमिदा, तुम्ही यात हात घालू नका, लोक भलतंच बोलतील. मॅडम दोन दिवस फळ्यावरच चित्रं काढून शिकवत राहिल्या. लाज खरं तर आम्हाला वाटायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी प्रार्थना संपताच गुणाबाईंनी सगळ्यांदेखत कपाट उघडलं. "चावी माझ्याकडं हाय मॅडम. कोनी इचारलं तर माझं नाव सांगा."

भिंगांवर कुंकवाचा थर वाळून बसला होता. इतकी वर्षं पूजेचं बोट नेमकं डोळा लावायच्या जागीच टेकत आलं होतं आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मॅडमनी मऊ कापडावर थेंबभर स्पिरिट घेऊन ते पुसलं. दिशानं कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला, वाकली आणि ओरडली, "आये, इटा रचल्यावानी दिसतंय!"

गुणाबाईंनीही डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्या आमच्याकडे वळल्या.

"हे हितंच व्हतं? कपाटात? अन् तुमी माझ्या पोराला ढ म्हनालात?"

 

तेव्हापासून कपाटाला कुलूप लागलं नाही. मॅडम रोज एक तास स्वतः उभ्या राहून प्रयोग करून घ्यायच्या. दोन परीक्षानळ्या फुटल्या, आभाळ काही कोसळलं नाही. गेल्या वर्षी घटक चाचणीत विज्ञानात एकोणीस नापास होते, यंदा सात. मुलं त्याच वस्तीतली, शेजारी धडधडणारे यंत्रमागही तेच. मग ढ कोण होतं?

खंडेनवमीला केसरीनाथशेठ ताट घेऊन आले तर कपाट रिकामं आणि प्रयोगशाळेत तास चालू. शेठ भडकले. "पूजा होऊ दे, मग कुलूप लावा, गुणाबाई. नाहीतर उद्यापासून ड्युटीवर येऊ नका."

"पूजा करा की, शेठ. मी बी घरी इळा पुजते. पन त्यानंच भात कापते. कपाटात न्हाय कोंडून ठेवत."

शेठ तणतणत दिशाच्या टेबलाशी गेले. तिनं भिंगावरचा डोळा उचलला नाही. "थांबा काका, माझं चित्र अर्धं हाय. अन् कुंकू खाली लावा, भिंगाला नको."

शेठ ताट धरून उभे राहिले. पूजा झाली, पण चित्र पुरं झाल्यावर.

दसरा झाला आणि गुणाबाईंना मेमो आला. परवानगीशिवाय कपाट का उघडलं, याचा खुलासा करा. त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, तुमची मराठी चांगली हाय. लिवा. कपाट मी उघडलं. उघडंच ठेवनार."

मी तेवढंच लिहिलं. त्यांनी सही केली. तिच्याखाली मी माझी सही केली आणि कागद स्टाफरूममध्ये बाकीच्यांपुढे सरकवला.